इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वाक्यजटिलतेचे संगणकीय मापन

एखाद्या व्यक्तीच्या लेखनातील वाक्ये किती लांब आहेत, त्यांत किती उपवाक्ये आहेत आणि ती एकमेकांत कशी गुंफलेली आहेत, हे आकड्यांत मांडण्याच्या पद्धतीला वाक्यजटिलतेचे मापन असे म्हणतात. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांच्या भाषिक प्रगतीचा अभ्यास करण्यासाठी उपयोजित भाषाविज्ञानात हे मापन १९७० च्या दशकापासून वापरले जात आहे. आरंभी ही सर्व मोजणी संशोधक हाताने करीत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर संगणकीय साधने उपलब्ध झाली आणि शेकड्यांनी तपासले जाणारे निबंध हजारांनी तपासले जाऊ लागले. शाओफेई लू यांचा ‘एल-टू सिंटॅक्टिक कॉम्प्लेक्सिटी ॲनालायझर’, क्रिस्टोफर काइल यांचा ‘टास्क’ आणि मेम्फिस विद्यापीठात तयार झालेला ‘को-मेट्रिक्स’ ही या क्षेत्रातील प्रमुख साधने होत.

संकल्पना

मराठी शाळांतील व्याकरणात वाक्याचे केवल, मिश्र आणि संयुक्त असे तीन प्रकार शिकवले जातात. वाक्यपृथक्करण करताना विद्यार्थी मुख्य वाक्य व गौण वाक्ये वेगळी काढतो आणि त्यांना जोडणारे उभयान्वयी अव्यय दाखवतो. वाक्यजटिलतेचे मापन हे तत्त्वतः याच कामाचा विस्तार आहे. फरक एवढाच की, शालेय व्याकरण एका वाक्याचा प्रकार सांगून थांबते, तर मापनात संपूर्ण लेखनातील अशा घटकांची सरासरी व प्रमाण काढले जाते.

द्वितीय भाषेच्या अभ्यासात विद्यार्थ्याच्या भाषेकडे तीन बाजूंनी पाहण्याचा प्रघात आहे : जटिलता, अचूकता आणि ओघ. या तिन्ही बाजू स्वतंत्र आहेत. एखादा विद्यार्थी लहान, सोपी व निर्दोष वाक्ये लिहितो; दुसरा लांब, गुंतागुंतीची पण चुकांनी भरलेली वाक्ये लिहितो. दोघांपैकी पुढे कोण, याचे उत्तर जटिलतेचा आकडा देत नाही आणि देण्याचा त्याचा दावाही नाही. तसेच जटिलता म्हणजे दुर्बोधता नव्हे. वाचकाला वाक्य समजण्यास किती कष्ट पडतात हा वेगळा प्रश्न आहे. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये मांडलेले वाचनीयतेचे सूत्र त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधत होते, जरी तेही अंशतः वाक्यातील शब्दसंख्येवर आधारलेले असले तरी. या दोन गोष्टींची गल्लत आजही वारंवार होताना दिसते.

टी-युनिट आणि हाताची मोजणी

वाक्याची लांबी मोजायची तर पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंत शब्द मोजावेत, हा सर्वांत सोपा उपाय. परंतु लहान मुलांच्या आणि नवशिक्यांच्या बाबतीत तो फसतो. ज्याला विरामचिन्हांची सवय नाही असा मुलगा ‘आणि... आणि... मग...’ असे जोडत पानभर एकच वाक्य लिहितो. पूर्णविरामावर विसंबले तर हाच मुलगा वर्गात सर्वांत प्रगल्भ ठरेल.

ही अडचण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्य विद्यापीठाचे केलॉग हंट यांनी सोडवली. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी चौथी, आठवी आणि बारावी या इयत्तांतील प्रत्येकी १८ विद्यार्थ्यांचे, दर विद्यार्थ्यामागे सुमारे १००० शब्दांचे लेखन तपासले. हे विद्यार्थी इंग्रजी मातृभाषा असलेले होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. हंट यांनी वाक्याऐवजी एक नवे एकक वापरले : एक मुख्य उपवाक्य आणि त्याला जोडलेली किंवा त्याच्या पोटात असलेली सर्व गौण उपवाक्ये. जेथे व्याकरणाच्या दृष्टीने पूर्णविराम देऊन थांबता येईल असा हा लहानात लहान तुकडा असल्याने त्यांनी त्याला ‘टी-युनिट’ असे नाव दिले. त्यातील ‘टी’ हे अक्षर ‘थांबवता येण्याजोगे’ या अर्थाच्या ‘टर्मिनेबल’ या शब्दाचे आहे.

हंट यांच्या आकड्यांवरून या एककाचा उपयोग स्पष्ट होतो. पूर्णविरामांनुसार मोजलेल्या वाक्याची सरासरी लांबी चौथीत १३.५ शब्द, आठवीत १५.९ आणि बारावीत १६.९ होती. टी-युनिटची लांबी मात्र ८.६ वरून ११.५ वर आणि पुढे १४.४ वर गेली. वाक्याची लांबी आठ वर्षांत साडेतीन शब्दांनीही वाढली नाही, तर टी-युनिटची जवळजवळ सहा शब्दांनी वाढली. चौथीतल्या मुलाच्या वाक्यात ‘आणि’ने जोडलेली अनेक सुटी विधाने असतात, म्हणून त्याचे वाक्य लांब दिसते. मोठ्या मुलाने हाच मजकूर गौण उपवाक्यांत आणि विशेषणांत घट्ट बसवलेला असतो. तुलनेसाठी घेतलेल्या नियतकालिकांतील कसलेल्या लेखकांच्या लेखनात टी-युनिटची लांबी २०.३ शब्द आढळली.

या निष्कर्षातून एक अध्यापनपद्धतीही निघाली. लहान वाक्ये देऊन ती एकात गुंफायला लावणे, म्हणजे आपल्याकडील वाक्यसंश्लेषणासारखा सराव, केल्याने टी-युनिटची लांबी वाढते असे जॉन मेलन (१९६९) आणि फ्रँक ओहेअर (१९७३) यांनी सातवीच्या विद्यार्थ्यांवरील प्रयोगांतून दाखवले. यावर फ्रान्सिस ख्रिस्तेन्सेन यांच्यासारख्या लेखनशिक्षकांचा आक्षेप असा की, चांगल्या गद्याचे लक्षण लांबी नव्हे. कसलेला लेखक मूळ विधान आखूड ठेवतो आणि त्याला सुटे विशेषक जोडत जातो. हा वाद पुढे संगणकीय मापनालाही लागू झाला.

द्वितीय भाषेच्या क्षेत्रात हे एकक आणण्याचे श्रेय डायान लार्सन-फ्रीमन यांच्या १९७० च्या दशकातील लेखनाला दिले जाते. बालकाच्या मातृभाषेच्या वाढीसाठी जसा उक्तीच्या सरासरी लांबीचा निर्देशांक आहे, तसा दुसरी भाषा शिकणाऱ्यांसाठीही हवा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील वीस वर्षांत अशी मापे इतकी झाली की, केट वुल्फ-क्विंटेरो आणि सहकाऱ्यांना १९९८ मध्ये त्यांचा स्वतंत्र ग्रंथरूप आढावा घ्यावा लागला. बोलण्यात अर्धवट सोडलेली वाक्ये व हुंकार असल्याने तेथे टी-युनिट नीट लागू पडत नाही. त्यासाठी पॉलीन फॉस्टर आणि इतरांनी २००० मध्ये ‘एएस-युनिट’ सुचवले.

हाताच्या मोजणीतील मुख्य अडचण वेळेची होती. प्रत्येक वाक्य फोडायचे, दोन तपासनीसांनी स्वतंत्रपणे फोडायचे, मतभेद मिटवायचे, मग बेरजा. त्यामुळे बहुतेक अभ्यास थोड्या विद्यार्थ्यांवर आधारलेले राहिले. शिवाय उपवाक्य कशाला म्हणायचे याबद्दलच एकमत नव्हते. काही जण केवळ पूर्ण क्रियापद असलेलाच भाग उपवाक्य मानत, तर काही जण ‘टु’ किंवा ‘-इंग’ असलेले भागही मोजत. एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या गेल्याने दोन अभ्यासांचे निष्कर्ष शेजारी ठेवणे अवघड होई.

संगणक वाक्य कसे फोडतो

संगणकीय साधनाला दिलेला मजकूर आधी वाक्यांत आणि शब्दांत विभागला जातो. नंतर प्रत्येक शब्दाला त्याच्या जातीची खूण दिली जाते. तिसऱ्या टप्प्यात वाक्यविश्लेषक म्हणजे पार्सर प्रत्येक वाक्याचा रचनावृक्ष काढतो. कोणता शब्द कोणत्या पदबंधात, कोणता पदबंध कोणत्या उपवाक्यात, हे या वृक्षावरून कळते. शेवटी ठरावीक आकृतिबंध शोधून ते मोजले जातात. उदाहरणार्थ, ‘गौणत्वदर्शक शब्दाखाली पूर्ण क्रियापद असलेले उपवाक्य’ असा नमुना दिला की त्या रचनेच्या सर्व जागा सापडतात.

यातील तिसरा टप्पा सर्वांत नाजूक आहे. ‘आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप’ या वाक्यात दुर्बीण पाहणाऱ्याकडे आहे की दिसलेल्या माणसाकडे, हे व्याकरण सांगत नाही. पार्सर अशा वेळी संभाव्यतेवर निवड करतो आणि ती संभाव्यता माणसांनी आधी फोडून ठेवलेल्या वाक्यांच्या संग्रहातून शिकलेली असते. इंग्रजीतील असा सर्वांत प्रसिद्ध संग्रह म्हणजे १९९३ मध्ये मिचेल मार्कस आणि सहकाऱ्यांनी वर्णिलेला ‘पेन ट्रीबँक’. त्यातील सर्वाधिक वापरला गेलेला, सुमारे दहा लाख शब्दांचा भाग ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या अर्थविषयक वृत्तपत्रातून घेतलेला आहे. शेअर बाजाराच्या बातम्यांवर शिकलेला पार्सर ‘माझा आवडता सण’ या विषयावरील निबंध वाचत असतो, ही गोष्ट त्याचे आकडे पाहताना विसरता येत नाही.

प्रमुख साधने

लू यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेले साधन स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पार्सरवर आणि ‘ट्रीगेक्स’ या वृक्षशोधन प्रणालीवर उभारलेले आहे. ते मजकुरातील नऊ गोष्टी मोजते : शब्द, वाक्ये, क्रियापदबंध, उपवाक्ये, टी-युनिट, गौण उपवाक्ये, गौण उपवाक्य असलेली टी-युनिट, समन्वित पदबंध आणि जटिल नामपदबंध. या नऊ संख्यांचे एकमेकींशी भागाकार करून चौदा निर्देशांक काढले जातात. साधन विनामूल्य आहे. उपवाक्याची व्याख्या त्यात एकदाच आणि उघडपणे ठरवलेली असल्याने (पूर्ण क्रियापद असलेलाच भाग उपवाक्य) निदान हे साधन वापरणाऱ्यांचे आकडे एकाच मापाने मोजलेले असतात. चिनी विद्यापीठांतील इंग्रजीच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांवर त्याची पडताळणी झाली, तेव्हा यंत्राचे निर्देशांक आणि माणसांनी काढलेले निर्देशांक यांतील सहसंबंध सुमारे ०.८३ ते १ या दरम्यान आढळला.

हा आकडा समाधानकारक असला तरी तो कोणत्या लेखनावर मिळाला हे महत्त्वाचे आहे. ते निबंध इंग्रजी हाच मुख्य विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांचे होते. ज्यांच्या वाक्यात कर्ता गळतो, क्रियापदाचे रूप चुकते आणि पूर्णविराम नसतात, अशा नवशिक्यांच्या लेखनावर तीच विश्वासार्हता आपोआप गृहीत धरता येत नाही.

को-मेट्रिक्सचा मूळ हेतू वेगळा होता. आर्थर ग्रेसर, डॅनियल मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेले हे साधन मुख्यतः पाठ्यपुस्तकांतील मजकुराची सुसंगती मोजण्यासाठी होते. त्यातील मुख्य क्रियापदापूर्वी किती शब्द येतात, एका नामपदबंधात किती विशेषके आहेत, लागोपाठच्या वाक्यांची रचना किती सारखी आहे, अशी काही मापे भाषा शिकणाऱ्यांच्या अभ्यासातही वापरली जातात. काइल यांनी जॉर्जिया राज्य विद्यापीठात २०१६ मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधातून आलेल्या ‘टास्क’ या साधनात मोजणी अधिक बारीक आहे. ते नामाला विशेषण किती, षष्ठीचे विशेषक किती, शब्दयोगी पदबंध किती, हे वेगवेगळे सांगते. आणि एखादे क्रियापद ज्या रचनेत वापरले आहे ती रचना अमेरिकी इंग्रजीच्या मोठ्या भाषासंग्रहात किती वेळा आढळते, हेही पाहते. जटिलता म्हणजे रचनेची संख्या, तर ही दुसरी बाजू म्हणजे रचनेची दुर्मीळता. काइल तिला वाक्यरचनेची परिष्कृतता म्हणतात.

मोजणीचे उदाहरण

समजा, एका विद्यार्थ्याने लिहिले : ‘माय अंकल लिव्ह्ज इन सातारा अँड ही हॅज अ डॉग व्हिच बार्क्स ॲट नाइट.’ यात शब्द १४, वाक्य १, टी-युनिट २ (पहिले ‘सातारा’पाशी संपते), उपवाक्ये ३ आणि त्यांपैकी गौण १. म्हणून वाक्याची लांबी १४, टी-युनिटची सरासरी लांबी ७, उपवाक्याची सुमारे ४.७, दर टी-युनिटमागे उपवाक्ये १.५. चौदा शब्दांचे वाक्य प्रत्यक्षात किती सैल आहे, हे दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यावरून कळते.

आता पुढील दोन वाक्ये पाहावीत. पहिले : ‘बिकॉज द मिल क्लोज्ड सडनली, मेनी वर्कर्स लॉस्ट देअर जॉब्स.’ दुसरे : ‘द सडन क्लोजर ऑफ द मिल लेफ्ट मेनी वर्कर्स जॉबलेस.’ आशय जवळजवळ तोच. दोन्हींत शब्द १०, वाक्य १ आणि टी-युनिटही १. पण पहिल्यात उपवाक्ये २ आहेत, दुसऱ्यात १. उपवाक्यांची संख्या हीच जटिलता मानली तर पहिले वाक्य दुप्पट जटिल ठरते. उपवाक्याची लांबी ही जटिलता मानली तर उलट : पहिल्यात ती ५, दुसऱ्यात १०. प्रौढ गद्याशी परिचय असलेला वाचक दुसरे वाक्य अधिक कसलेल्या हाताचे आहे असेच म्हणेल. कारण तेथे ‘बंद पडली’ या क्रियेचे नाम करून तिला विशेषण आणि षष्ठीचा पदबंध जोडला आहे. संपूर्ण क्षेत्रातील गेल्या दोन दशकांचा वाद या दोन वाक्यांत सामावलेला आहे.

संशोधनातील निष्कर्ष

लुर्देस ऑर्तेगा यांनी २००३ मध्ये महाविद्यालयीन पातळीवरील उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित परीक्षण केले. वाक्यजटिलतेत लक्षणीय बदल दिसण्यासाठी महाविद्यालयीन शिक्षणाचे साधारण एक वर्ष जावे लागते, असा त्यांचा अंदाज आहे. सहा-आठ आठवड्यांच्या वर्गानंतर ‘प्रगती’ दाखवणाऱ्या आकड्यांकडे साशंकतेने पाहण्यास हा निष्कर्ष पुरेसा आहे.

जॉन नॉरिस आणि ऑर्तेगा यांनी २००९ मध्ये असे मांडले की, जटिलता ही एकच वस्तू नसून तिचे रूप पातळीनुसार बदलते. नवशिका विधाने ‘अँड’, ‘बट’ने जोडतो, मधल्या पातळीवर गौण उपवाक्ये वाढतात, प्रगत पातळीवर ती स्थिरावतात किंवा कमीही होतात आणि त्यांची जागा भरगच्च नामपदबंध घेतात. एकच निर्देशांक वापरणारा अभ्यास म्हणूनच कोणत्या तरी एका पातळीवर आंधळा ठरतो.

डग्लस बायबर, बेथनी ग्रे आणि कॉर्नविपा पूनपॉन यांनी २०११ मध्ये या विचाराला भाषासंग्रहाचा आधार दिला. इंग्रजी संभाषण आणि संशोधनपर लेखन यांची तुलना करता गौण उपवाक्ये संभाषणातच अधिक आढळली. ‘मला वाटतं की...’, ‘तू आलास तर...’ अशा रचना कोणीही रोज बोलतो. शास्त्रीय लेखनाची जटिलता उपवाक्यांत नसून नामाभोवती जमणाऱ्या विशेषकांत आहे. मग दर टी-युनिटमागे उपवाक्ये मोजून लेखनाची प्रगती ठरवणे म्हणजे बोलण्याच्या लक्षणांनी लिहिण्याचे मूल्यमापन करणे होय, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी लू यांच्या ३५०० हून अधिक चिनी विद्यार्थ्यांच्या निबंधांच्या अभ्यासातही पातळी वेगळ्या करण्यात उपवाक्याची लांबी आणि दर उपवाक्यामागील जटिल नामपदबंध ही मापे सरस ठरली. शिवाय निबंधाचा प्रकार आणि वेळ यांचाही परिणाम दिसला. कथनापेक्षा वादविवादात्मक निबंधात, आणि परीक्षेच्या वेळेच्या बंधनापेक्षा सवडीने लिहिलेल्या निबंधात जटिलता अधिक होती. एकाच विद्यार्थ्याचा आकडा विषय बदलला की बदलतो, हे परीक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आक्षेप आणि मर्यादा

यंत्र अचूकता पाहत नाही. ‘द डॉग व्हिच इट बार्क्स ॲट नाइट’ यात ‘इट’ अनावश्यक आहे, पण साधनाच्या हिशेबी ते गौण उपवाक्यच. याहून सूक्ष्म अडचण टाळण्याची आहे. जॅकेलिन शाख्टर यांनी १९७४ मध्ये दाखवले की, चिनी आणि जपानी विद्यार्थी इंग्रजी संबंधी उपवाक्यांत फारसी व अरबी विद्यार्थ्यांपेक्षा कमी चुका करतात. कारण ते ती रचना फारशी वापरतच नाहीत. त्यांच्या भाषांत अशी उपवाक्ये नामाच्या आधी येतात, इंग्रजीत नंतर. केवळ चुका मोजणाऱ्याला हे विद्यार्थी हुशार वाटतील. जटिलतेची मोजणी ही उणीव उघड करते, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. मात्र रचना येत नाही म्हणून टाळली की गरज नव्हती म्हणून वापरली नाही, हे आकडा सांगू शकत नाही.

लू आणि हायांग आय यांनी २०१५ मध्ये विविध मातृभाषांच्या महाविद्यालयीन लेखकांची इंग्रजी मातृभाषा असलेल्यांशी तुलना केली. सर्व परभाषी लेखक एकाच गटात घातले तेव्हा चौदांपैकी तीनच निर्देशांकांत फरक दिसला; मातृभाषेनुसार गट केले तेव्हा चौदाही निर्देशांकांत दिसला. सरासरीने एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे फरक झाकले जात होते.

सर्वांत गंभीर प्रश्न उपयोगाचा आहे. निबंध यंत्राने तपासण्याची कल्पना एलिस पेज यांनी १९६६ मध्येच मांडली होती, आणि १९९९ पासून व्यवस्थापन प्रवेशाच्या ‘जीमॅट’ परीक्षेत ‘ई-रेटर’ ही प्रणाली माणसासोबत गुण देऊ लागली. अशा प्रणालीला वाक्यरचनेची वैशिष्ट्ये दिसतात, अर्थ दिसत नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील लेखनशिक्षक लेस पेरेलमन यांनी २०१४ मध्ये विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ‘बेबल’ नावाची संगणकप्रणाली तयार केली. ती दोन-तीन शब्दांवरून लांबलचक, जड शब्दांचे आणि पूर्णतः निरर्थक निबंध तयार करते. अशा निबंधांना यंत्रपरीक्षकांकडून उच्च गुण मिळाले. संशोधनासाठी मोजलेला निर्देशांक आणि गुण देण्यासाठी वापरलेला निर्देशांक यांतील अंतर येथे दिसते. पहिल्यात चूक झाली तर एका लेखाचा निष्कर्ष बिघडतो, दुसऱ्यात विद्यार्थ्याचा प्रवेश.

अलीकडे याला नवी बाजू आली आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी यंत्रलिखित मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या सात साधनांना ‘टोफेल’ परीक्षेसाठी माणसांनी लिहिलेले ९१ निबंध दिले. साधनांनी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरवले. इंग्रजी मातृभाषा असलेल्या अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सर्व बरोबर ओळखले गेले. परभाषी विद्यार्थ्याची शब्दयोजना मर्यादित आणि अपेक्षित असते, एवढाच त्याचा दोष. साध्या भाषेचा अर्थ एका साधनापुढे ‘अप्रगत’ आणि दुसऱ्यापुढे ‘अप्रामाणिक’ असा लागू शकतो.

शिकाऊ इंग्रजीचे संग्रह

या मापनासाठी विद्यार्थ्यांच्या लेखनाचे संग्रह लागतात. बेल्जियममधील लूव्हाँ येथे सिल्व्हियान ग्रँजर यांनी १९९० मध्ये सुरू केलेला आंतरराष्ट्रीय शिकाऊ इंग्रजी संग्रह हा त्यांतील अग्रणी. केंब्रिज विद्यापीठाचा ‘एफकॅमडॅट’ हा ऑनलाइन वर्गांतील लेखनाचा प्रचंड संग्रह आहे. शिकाऊ इंग्रजीतील ५१२४ वाक्ये हाताने फोडून तयार केलेला पहिला खुला वृक्षसंग्रह २०१६ मध्ये उपलब्ध झाला. त्यामुळे चुका असलेल्या वाक्यावर पार्सर कसा वागतो हे तपासता येऊ लागले.

‘टोफेल-११’ या संग्रहात ११ मातृभाषांच्या परीक्षार्थींचे प्रत्येकी ११०० असे एकूण १२,१०० निबंध आहेत. भारतीय भाषांपैकी त्यात हिंदी आणि तेलुगू आहेत; मराठी नाही. निबंधावरून लेखकाची मातृभाषा ओळखण्याच्या २०१३ मधील स्पर्धेत यंत्रांचा सर्वाधिक गोंधळ याच दोन भाषांत झाला. त्या एका कुळातल्याही नाहीत. भारतात इंग्रजीचे स्वतःचे एक वळण तयार झाले आहे आणि ते मातृभाषेच्या सीमा ओलांडते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

या वळणाची नोंद करण्याचे मोठे काम महाराष्ट्रात झाले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली भारतीय इंग्रजीचा ‘कोल्हापूर कॉर्पस’ तयार झाला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनातून प्रत्येकी सुमारे २००० शब्दांचे ५०० उतारे त्यात घेतले आहेत आणि त्याची आखणी अमेरिकी इंग्रजीच्या ‘ब्राउन कॉर्पस’प्रमाणे आहे. हा शिकणाऱ्यांच्या लेखनाचा संग्रह नाही, तो प्रकाशित लेखनाचा आहे. पण म्हणूनच त्याचे महत्त्व आहे. भारतीय विद्यार्थ्याच्या वाक्याची तुलना न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राशी करायची की सुशिक्षित भारतीयाच्या छापील इंग्रजीशी, हा निवडीचा प्रश्न आहे आणि दुसऱ्या निवडीसाठी लागणारी सामग्री त्यात आहे.

मराठीच्या संदर्भात

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याच्या इंग्रजी वाक्यरचनेचे मापन करताना दोन भाषांतील काही भेद विचारात घ्यावे लागतात. संबंध दाखवण्यासाठी मराठीत दोन मार्ग आहेत. ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे’ हा जो-तोचा आणि ‘काल आलेला मुलगा माझा भाऊ आहे’ हा कृदंताचा. इंग्रजीत उपवाक्य नामानंतर येते, म्हणजे दोन्हींहून वेगळे. जो-तोच्या वळणाने विद्यार्थ्याने ‘व्हिच बॉय केम यस्टर्डे, ही इज माय ब्रदर’ असे लिहिले, तर पार्सर पहिल्या भागाला प्रश्न समजण्याचा संभव असतो. विद्यार्थ्याने संबंधी उपवाक्य योजले, पण गणतीत ते आलेच नाही, असे मग होऊ शकते.

मूळ मराठीची जटिलता मोजायची झाल्यास अडचण अधिक खोल आहे. ‘घरी येऊन, हातपाय धुऊन, जेवून तो झोपला’ या वाक्यात पूर्ण क्रियापद एकच. लू यांच्या व्याख्येने उपवाक्य एक. परंतु ‘येऊन’, ‘धुऊन’, ‘जेवून’ ही धातुसाधिते तीन गौण क्रिया क्रमाने मांडत आहेत आणि मराठी वाचकाला त्या स्वतंत्र जाणवतात. ‘ऊन’, ‘त’, ‘ता’, ‘ल्यावर’, ‘ण्यासाठी’ यांनी बांधलेली वाक्ये हा मराठी गद्याचा कणा आहे. इंग्रजीसाठी केलेली व्याख्या जशीच्या तशी लावली तर निबंधातील गुंफण मोजमापात सपाट दिसेल.

अशी मोजणी करण्यासाठी मराठीचा पार्सर लागतो. विविध भाषांसाठी एकाच पद्धतीने वाक्ये फोडणाऱ्या ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ या खुल्या प्रकल्पात मराठीचा एक वृक्षसंग्रह आहे. त्यातील बहुतेक वाक्ये विकिस्रोतावरील गोष्टींतून घेतली आहेत आणि त्यांची संख्या पाचशेपेक्षा कमी आहे. त्यावर शिकलेला पार्सर ‘एक होता राजा’ या धर्तीची वाक्ये बऱ्यापैकी फोडू शकेल. दहावीच्या विद्यार्थ्याचा वैचारिक निबंध त्याला अनोळखीच असेल.